इथे कारखान्याचं बोलायचं नाही

मी स्टाफ क्लब बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, परवाच पाडलं मला. रस्त्यावरून बघाल तर विटांचा ढीग, वाकड्या झालेल्या सळया आणि जोत्याचे चार दगड, एवढाच मी उरलोय. उद्या ट्रक येऊन तेही नेतील. म्हणून म्हटलं, आज बोलून घेऊ. भिंतींना कान असतात म्हणता ना तुम्ही? असतात. तोंड नसतं, हीच तर रड आहे. आता भिंतीच राहिल्या नाहीत, तेव्हा तोंड फुटलंय मला.

माझ्या पलीकडे पुठ्ठ्याचा कारखाना होता. जुना कागद भिजवायचा, त्याचा लगदा करायचा, तो वाफेवर वाळवायचा आणि त्याचे पुठ्ठे करायचे. लगद्याचा वास माणसांच्या केसांत, रुमालांत, पोरांच्या दप्तरांत असायचा. आत शिरायला दोन दारं होती. एका दारानं कामगार जायचे, दुसऱ्या दारानं स्टाफ जायचा, म्हणजे मोठे साहेब, इंजिनीअर, हिशेबनीस, स्टोअरकीपर, फोरमन. मी स्टाफचा. कामगारांना माझ्या पायरीवर टेकायचीसुद्धा मुभा नव्हती. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट थोडा माज होता, खोटं कशाला बोलू?

मला बांधलं मोठ्या साहेबांनी. तेव्हा ते तरुण होते. एक लांबट हॉल, त्यात टेबल टेनिसची दोन टेबलं, पत्त्यांसाठी चार चौकोनी टेबलं, वेताच्या खुर्च्या, पुढे व्हरांडा, मागे चहाची खोली आणि तिला लागून एक बारकी खोली. त्या बारक्या खोलीत क्लबचा नोकर बायकोबरोबर राहायचा. त्याला सगळे कपबशी म्हणायचे, कारण त्याच्या हातात दुसरं काही कुणी पाहिलंच नव्हतं. खरं नाव मलाही कधी कळलं नाही.

आणि एक पाटी होती, दारातून आत आलं की समोरच. ‘इथे कारखान्याचं बोलायचं नाही. जो बोलेल तो गाणं म्हणेल.’ ही कल्पना मोठ्या साहेबांच्या बायकोची. तिला बाईसाहेब म्हणत. त्या म्हणाल्या होत्या, "दिवसभर तिकडे लगदा, संध्याकाळी इकडेही लगदा. मग क्लब बांधलात कशाला, कारखान्यातच पथाऱ्या टाकायच्या होत्या."

सगळ्यांना पटलं, आणि नियम असा काही रुजला की विचारू नका. कुणाच्या तोंडून चुकून ‘मशीन’, ‘पाळी’, ‘ट्रक’ असला शब्द निसटला की चारही टेबलांवर हात आपटले जायचे. "गाणं, गाणं." मग त्या माणसानं मधोमध उभं राहून गायचं. हिशेबनिसाचा आवाज फाटका. त्यानं एकदा ‘बिल’ म्हटलं, तर बापड्याला पाळण्याचं गाणं म्हणावं लागलं, कारण त्याला तेवढं एकच येत होतं. स्टोअरकीपर तर मुद्दाम चुका करायचा, त्याला गायची हौस. मला हा नियम फार आवडायचा. माणसं कपाळावरच्या आठ्या व्हरांड्यात ठेवून आत यायची. बारा वर्षं अशी हसण्याखिदळण्यात गेली.

बाराव्या वर्षी बॉयलरच्या जुन्या हेल्परला बढती मिळाली आणि तो फोरमन झाला, म्हणजे स्टाफमध्ये आला. अंगानं आडवा, बोलायला बुजरा. वीस वर्षं बॉयलरसमोर उभं राहून त्याच्या भुवया विरळ झाल्या होत्या. पहिल्यांदा क्लबात आला तेव्हा बूट व्हरांड्यात काढून ठेवायला लागला. कपबशी हळूच म्हणाला, "राहू दे पायात. इथे सगळे बुटासकट येतात." त्या दिवशी तो खुर्चीच्या अगदी टोकाला बसला होता. चहा संपल्यावर कप स्वतः विसळायला उठला, तेव्हा सगळे हसले. वाईट नव्हते हसले. पण हसले.

तो तिसऱ्यांदा आला तो शनिवार. ते सगळं मी आज सांगणार आहे, आणि जसं घडलं तसं सांगणार आहे.

दिवेलागणीला तो आला. बायकोनं इस्त्री केलेला शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आत न येता चहाच्या खोलीच्या दारात गेला आणि कपबशीला म्हणाला, "बॉयलरच्या पत्र्याला भेग आहे. जोडाजवळ. केसाएवढीच आहे, पण पाणी पाझरतंय. इंजिनीअर साहेबांना दाखवली. ते म्हणतात, बंद ठेवायचा अधिकार माझा नाही, मोठ्या साहेबांना विचार. मोठे साहेब आठ दिवस बाहेरगावी. दुपारी बंगल्यावर गेलो, तर बाईसाहेब म्हणाल्या, ते थेट क्लबातच येणार आहेत."

"खेळ संपू दे. मग बोल," कपबशी म्हणाला.

"खेळ संपला की ते गाडीत बसून जातात. उद्या सुट्टी. सोमवारी सकाळी सहाला बॉयलर पेटवायचाय. गाणं म्हणावं लागलं तर म्हणेन, पण आज सांगणार."

मोठे साहेब उजवीकडच्या टेबलाशी पत्ते घेऊन बसले होते. समोर इंजिनीअर, बाजूला हिशेबनीस आणि स्टोअरकीपर. फोरमन हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, बॉयलर..."

पुढचा शब्द त्याला काढूच दिला नाही. चारही टेबलांवर हात आपटले. "गाणं, गाणं." स्टोअरकीपर तर खुर्चीवर उभा राहिला. नव्या माणसाचं पहिलं गाणं, त्याचं कौतुक मोठं. फोरमननं दोनदा हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला. त्यालाही लोक हसले. इंजिनीअर मात्र पत्त्यांत बघत होता, एकाच पानाकडे बराच वेळ. त्याला माहीत होतं फोरमन काय सांगायला आलाय ते. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? एक गाणंच म्हणावं लागलं असतं.

फोरमननं गाणं म्हटलं. आवाज चांगला होता त्याचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन कडवी म्हटली, टाळ्या पडल्या. माझं छत उंच, आवाज घुमायचा. टाळ्या मीही घुमवल्या. हे मला लपवायचं नाही.

टाळ्या थांबल्यावर तो परत म्हणाला, "साहेब, म्हटलं गाणं. आता ऐका. बॉयलरच्या पत्र्याला भेग आहे. सोमवारी पेटवू नका."

हे वाक्य पुरं झालं होतं. शब्दन् शब्द. त्यावर स्टोअरकीपर ओरडला, "दुसरं गाणं!" आणि परत हशा झाला. मोठ्या साहेबांनी हातातलं पान टाकलं आणि मान वर न करता म्हणाले, "सोमवारी, सोमवारी. ऑफिसात या. इतक्या दिवसांनी परत आलोय, जरा बसू द्या." फोरमन "येतो मी" म्हणाला आणि गेला. त्याचा चहा कपबशीनं तसाच परत नेला.

"मनाला लावून घेतलं वाटतं," हिशेबनीस म्हणाला.

"नवीन आहे. होईल सवय," मोठे साहेब म्हणाले.

रविवारी तो परत बंगल्यावर गेला की नाही, मला माहीत नाही. माझं जग चार भिंतींएवढं. सोमवारी सकाळी सव्वासहाला असा आवाज झाला की माझ्या एकूणएक खिडक्या फुटल्या आणि छताचा गिलावा खाली आला. कपबशीची बायको चहाच्या खोलीत होती, तिच्या हातून भांडं पडलं. कपबशी बाहेर पळाला नाही. तो जमिनीवर बसला.

तासाभरानं चौघांना माझ्याकडे आणलं. कारखान्यात छप्पर असलेली मोठी जागा दुसरी उरली नव्हती. तीन हेल्पर होते आणि फोरमन. टेबल टेनिसच्या टेबलांवर दोघं दोघं ठेवले. वाफेनं भाजलेला माणूस कसा दिसतो ते मी सांगणार नाही. जाळी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, ती नंतर कपबशीनं काढली. फोरमनची बायको व्हरांड्यापर्यंत आली. तिला दारातच अडवलं. "आत नका येऊ वहिनी, बघवणार नाही तुम्हाला." ती आली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि एकच विचारत राहिली, "त्यांनी सांगितलं होतं ना? सांगितलं होतं ना त्यांनी?"

पंधरा दिवसांनी चौकशी बसली, तीही माझ्याच हॉलमध्ये. ऑफिसच्या काचा अजून बसवायच्या होत्या. चौकशी अधिकारी बाहेरचा, सभ्य माणूस, हळू बोलणारा. त्यानं एकेकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "फोरमननं भेगेबद्दल तुमच्याकडे किंवा तुमच्यासमोर काही सांगितलं होतं का?"

मोठे साहेब म्हणाले, "माझ्याकडे लेखी किंवा तोंडी काहीही आलेलं नाही." इंजिनीअर म्हणाला, "नाही." हिशेबनीस म्हणाला, "नाही." स्टोअरकीपर रडला, पण तोही नाहीच म्हणाला. ज्या टेबलावर पत्ते खेळले त्याच टेबलाशी बसून म्हणाले. मला वाटलं, पाटी तर भिंतीवरच आहे, अधिकाऱ्यानं ती वाचून नुसतं एवढं विचारावं, शेवटचं गाणं कुणी म्हटलं? पण बाहेरच्या माणसाला कसं सुचणार ते.

शेवटी कपबशीला बोलावलं. तो ट्रे हातात घेऊनच उभा राहिला.

"मी चहा देत होतो साहेब. माझं लक्ष नव्हतं."

झालं. फोरमननं भेगेकडे कानाडोळा केला, कुणाला कळवलं नाही, म्हणून अपघात झाला, असा अहवाल आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. इथे तर संन्यासी आधीच मेला होता.

पुढचं मी ऐकलं ते मागच्या खोलीतून. कपबशीची बायको त्याला जेवताना सांगायची. फोरमनच्या बायकोला क्वार्टर सोडावं लागलं, ती दोन मुलींना घेऊन कामगारांच्या गल्लीत राहायला गेली. तीन हेल्परांची घरंही त्याच गल्लीत. नळावर तिची बादली बाजूला सारतात. एकाची आई तिच्या तोंडावर म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं आमची पोरं खाल्ली." तिच्या मुलींशी कुणी आपल्या मुलांना खेळू देत नाही. कंपनी काय म्हणते त्याचं तिला काही नव्हतं. त्या तीन घरांना खरं कळलं असतं तर तिला पुरेसं होतं.

"तुम्ही सांगा की," कपबशीची बायको म्हणाली.

"ही खोली जाईल."

ती पुढे काही बोलली नाही. त्या रात्री नाही, त्यानंतरही नाही. नवरा-बायको दुसरं सगळं बोलायचे, हे सोडून.

मला वाटलं होतं, आता तरी ती पाटी काढतील. काढली, पण रंग द्यायला. गिलावा केला, काचा बसवल्या, टेबल टेनिसची टेबलं तेवढी नवी आणली. तीन-चार महिने कुणी गायलं नाही. मग एका संध्याकाळी विक्री विभागात आलेला नवा माणूस चुकून ‘ऑर्डर’ म्हणाला. आणि मग एक हात आपटला, दुसरा आपटला. त्या दिवसापासून मला माणसांच्या हसण्याची शिसारी बसली ती कायमची.

कारखाना पुढे वीस वर्षं चालला. मग पुठ्ठ्याला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि तो बंद पडला. माझ्यात मोडकी कपाटं ठेवली, कबुतरांनी घर केलं, पावसाचं पाणी हॉलमध्ये साचायला लागलं. पाटीही कधीतरी गळून पडली आणि कुणीतरी चुलीत घातली. राहिला कपबशी. त्याला राखणदार म्हणून ठेवला होता. बायको गेली त्याची. पोरं नव्हती. तो एकटाच त्या बारक्या खोलीत चहा करून प्यायचा, दोन घोट घ्यायचा आणि कप तसाच ठेवायचा.

गेल्या महिन्यात जागा विकली गेली. मला पाडायचं ठरलं, तेव्हा जुन्या स्टाफला पान्हा फुटला. निरोपाचा कार्यक्रम काढला. शेवटच्या संध्याकाळी बारा-पंधरा म्हातारे जमले. माझ्यासमोर उभं राहून फोटो काढले, "काय दिवस होते" म्हणाले. मोठ्या साहेबांना त्यांच्या जावयानं हाताला धरून आणलं आणि उजवीकडच्या खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. पत्त्यांचं टेबल तिथेच असायचं. इंजिनीअर आणि स्टोअरकीपर आता हयात नव्हते. हिशेबनीस होता, कानाला यंत्र लावलेला.

त्याच दिवशी सकाळी कपबशी गल्लीत जाऊन आला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. फोरमनची बायको, आता केस पांढरे झालेली, व्हरांड्यात येऊन दाराशी उभी राहिली. तिला कुणी ओळखलं नाही.

भाषणं झाली. मग कुणीतरी म्हणालं, "कपबशी, तूही बोल रे दोन शब्द."

तो मधोमध आला. या वेळी हातात ट्रे नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळेना. म्हणाला, "मी चौकशीत खोटं बोललो. माझं लक्ष होतं. फोरमननं मला आधी सांगितलं होतं, आणि मग इथे उभं राहून सगळ्यांना सांगितलं. भेग आहे म्हणाला. पेटवू नका म्हणाला. तुम्ही त्याला गाणं म्हणायला लावलंत. मी चहा घेऊन उभा होतो. हे मला तेव्हा सांगायला हवं होतं."

"अरे, इथे कारखान्याचं..." हिशेबनीस म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळून गप्प झाला.

खोली जाणार हे ठरल्यावरच कपबशीचं तोंड उघडलं. मी त्याला नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवतोही. पण कुठल्या तोंडानं ठेवू?

लोक उठायला लागले. कुणाला गाडीची घाई, कुणाला गुडघेदुखी. तेवढ्यात ती आत आली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं कपबशीला विचारलं, "कुठे उभे होते ते?"

त्यानं जागा दाखवली. ती तिथे जाऊन उभी राहिली.

"आणि साहेब कुठे बसले होते?"

"आत्ता बसलेत तिथेच, वहिनी."

तिनं चालायला सुरुवात केली. पावलं मोजत. एक, दोन, तीन, चार. चौथ्या पावलाला ती मोठ्या साहेबांच्या खुर्चीपुढे होती. जावई मध्ये यायला बघत होता, साहेबांनीच हात करून त्याला थांबवलं.

"ऐकू आलं होतं ना?" तिनं विचारलं.

"बाई, रोज इतके लोक इतकं काही सांगायचे," साहेब म्हणाले.

"म्हणजे ऐकू आलं होतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. वळून कपबशीला म्हणाली, "भाऊ, इथे बोललात ते बरं केलंत. पण यांना तर माहीतच होतं. आता चला, जिथे माहीत नाही तिथे चला." दोघं व्हरांड्यातून उतरून गेले. मागे राहिलेल्यांनी दिवे मालवले.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. पाडायला पाच तास लागले. बांधायला अकरा महिने लागले होते.

काल कपबशी आला होता, ढिगाऱ्यातून आपली ट्रंक शोधायला. मशीनवाल्यानं त्याला हात दिला, विडी दिली आणि विचारलं, "काका, आता कुठे राहणार?" कपबशी भलतंच सांगायला लागला. म्हणाला, "तीन घरं होती. एक बंद, ते लोक कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या घरातली म्हातारी, ती शिव्या देणारी, वारली चार वर्षांपूर्वी. मुलगा म्हणाला, आईच गेली, आता मला कशाला सांगता. तिसऱ्या घरी सगळ्यात धाकट्या हेल्परची बायको आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठली, वहिनींचा हात धरला आणि त्यांना आत घेऊन गेली. मीही उठलो. तर मला म्हणाली, तू आधी का नाही आलास? आणि दार लावून घेतलं."

मशीनवाला तरुण होता, त्याला यातलं काय कळलं असेल कुणास ठाऊक. तो म्हणाला, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार. थोडा वेळ उभा राहिलो. आतून दोघींचं रडणं ऐकू येत होतं. मग आलो."

ट्रंक चेपली होती. ती त्यानं डोक्यावर घेतली आणि गेला. कुठे गेला ते मला दिसलं नाही, दिसायला खिडक्याच नाहीत आता.

माझं एवढंच सांगणं होतं. माझ्या विटा नेणार असाल तर न्या, चांगल्या भाजलेल्या आहेत, कुंपणाला उपयोगी पडतील. माझी आठवण काढू नका. मी आठवण काढावी असा नव्हतो. फक्त एक लक्षात असू द्या, आणि कुणी विचारलं तर सांगा. अहवालात काहीही लिहिलेलं असो, त्या माणसानं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी तिथे होतो.